दुसरं मूल कधी, हे कोण ठरवणार?



मागच्या बुद्ध पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात कार्यक्रम होता. वंदना झाली, खीरदान झालं, मग भाषणं सुरू झाली. एक ज्येष्ठ कार्यकर्ते बोलायला उठले. माणूस प्रामाणिक. नामांतराच्या लढ्यात पोलिसांच्या लाठ्या खाल्लेला, आजही कुणाच्या घरी अडचण आली की रात्री-बेरात्री धावून जाणारा. ते म्हणाले, "आपली संख्या घटत आहे. शिकलेल्या पोरी एकावर थांबतात. प्रत्येक बौद्ध घरात किमान तीन लेकरं पाहिजेत." टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याजवळ आले, माझ्या पाच वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बेटा, हिला जोड कधी?"

मी हसून वेळ मारून नेली. बारा वर्षं वस्त्यांत काम करते, बायकांच्या बैठका घेते, "तुमच्या शरीरावर तुमचा हक्क" असं पोटतिडकीनं सांगते, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा हसले. त्या रात्री झोप लागली नाही. काकांचा राग आला म्हणून मी जागी नव्हते. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. मला दुसरं मूल हवं आहे का? हवं आहे. भीती वाटते का? खूप वाटते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यावर आपल्या चळवळीत कुणीच बोलत नाही. म्हणून हा लेख.

पहिल्या वेळी काय झालं

आठव्या महिन्यात माझे पाय सुजले. घरातल्या, शेजारच्या सगळ्या बायांनी सांगितलं, पोटात लेकरू असलं की पाय सुजतातच. मग डोकं दुखायला लागलं. मी बाम लावून बैठकांना जात राहिले. एका संध्याकाळी डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले, तेव्हा जोडीदारानं गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. बीपी निघाला १७० आणि ११०. लघवीतून प्रथिनं जात होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, प्रीएक्लॅम्प्सिया. गरोदरपणात वाढणारा रक्तदाब, जो वेळेवर हाती आला नाही तर झटके येतात आणि आई-बाळ दोघंही जाऊ शकतात.

मॅग्नेशियमची इंजेक्शनं दिली. कमरेत आग पेटल्यासारखं झालं. तेहेतिसाव्या आठवड्यात सिझर करून मुलगी काढली. वजन १ किलो ७०० ग्रॅम. सोळा दिवस ती काचेत होती आणि मी पोटाच्या टाक्यांवर हात दाबून तीन-तीन तासांनी दूध काढून द्यायला जिना चढत होते. आम्ही दोघी वाचलो. वाचलो याचं कारण दवाखाना घरापासून अर्ध्या तासावर होता, गाडी होती आणि जोडीदार ऐकणारा होता. यातली एक जरी गोष्ट नसती तर हा लेख लिहायला मी नसते.

तेव्हापासून पाच वर्षं झाली. सासूबाई म्हणतात, "एकाले जोड पाह्यजे ना बाई, उद्या तुम्ही गेल्यावर तिचं कोन?" माझी आई म्हणते, "पुन्हा नको गं, मी नाही पाहू शकत." दोघी प्रेमानंच बोलतात. पण दोघींच्याही बोलण्यात निर्णय आधीच झालेला असतो. एकीचा 'हो', एकीचा 'नको'. मधल्या मधे मी.

आपला इतिहास याबद्दल काय सांगतो

मित्रांनो, आपण बाबासाहेबांची जयंती साजरी करतो. ते रामजी आणि भीमाबाईंचं चौदावं अपत्य. हे वाक्य आपण भाषणात अभिमानानं म्हणतो आणि पुढे जातो. पण जरा थांबा. चौदा बाळंतपणं! आणि बाबासाहेब पाच-सहा वर्षांचे असताना भीमाबाई गेल्या. माता रमाईंची चार लेकरं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. राजरत्न १९२६ मध्ये गेला. एकटे यशवंतराव जगले. स्वतः रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. आणि आपल्या धम्माची कथा जिथून सुरू होते तिथंही हेच आहे. सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी महामाया गेल्या आणि महाप्रजापती गौतमीनं त्याला वाढवलं. आपल्या सगळ्यात मोठ्या दोन महापुरुषांचं बालपण आईविना गेलं आहे. बाळंतपणाचा प्रश्न आपल्यासाठी 'बायकांचा विषय' कसा असू शकतो?

बाबासाहेबांसाठी तो तसा नव्हता. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, अशी मांडणी केली. १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब उभे राहिले. संततिनियमनाचं नाव काढलं तरी लोक तोंड फिरवत, तो हा काळ. आणि १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. त्या वेळचं बाबासाहेबांचं भाषण प्रत्येक कार्यकर्त्यानं वाचलं पाहिजे. प्रसूतीच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मुलाला कुणी पुरुष तयारच झाला नसता, असं ते त्यात सुनावतात. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कोणत्याही कारणानं स्त्रीला मूल नको असेल तर गर्भधारणा टाळणं तिला शक्य असलं पाहिजे, मूल होणं न होणं पूर्णपणे तिच्या इच्छेवर असलं पाहिजे, असं सांगतात. ठराव पडला. बाजूनं ११ मतं, विरोधात ५२. आज इतक्या वर्षांनंतर आपल्या विहारात मतदान घेतलं तर निकाल काय लागेल, हा प्रश्न मी प्रामाणिकपणे विचारते.

२० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषदेपुढे बोलताना, लग्नाची घाई करू नका आणि लेकरांची संख्या वाढवत बसू नका, असं त्यांनी आपल्या आज्यांना सांगितलं होतं. ज्या शहरात त्यांनी हे सांगितलं, त्याच शहरात आज मंचावरून "तीन लेकरं" ऐकायला मिळतं.

संख्येचा हिशेब

काकांचा मुद्दा मी टाळणार नाही. आकडे खरे आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात बौद्ध सुमारे ८४ लाख होते, त्यातले सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात. २००१ च्या तुलनेत एकूण लोकसंख्येतला आपला वाटा ०.८ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यांवर आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बौद्ध स्त्रियांचा सरासरी जननदर १.३९ निघाला, देशाचा २.०. म्हणजे आपल्या बायका खरंच कमी मुलं जन्माला घालत आहेत.

पण याकडे संकट म्हणूनच का पाहायचं? त्याच २०११ च्या जनगणनेत बौद्धांची साक्षरता ८१ टक्क्यांच्या वर होती, देशाची ७३ च्या आसपास. 'शिका' हे पहिलं सूत्र आपल्या बायकांनी पाळलं, त्याचा हा परिणाम आहे. शिकलेली बाई लेकरं मोजून जन्माला घालते. तिला शिकवून झाल्यावर आता ती विचार करते म्हणून तक्रार करायची, हे कसं चालेल?

आता दुसरा आकडा पाहा. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध होते अवघे अडीच हजार. १९६१ मध्ये झाले जवळजवळ २८ लाख. दहा वर्षांत! ही वाढ कुणाच्या गर्भाशयातून झालेली नाही. ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर झाली. आपला समाज विचारातून वाढलेला समाज आहे. आणि संख्येची खरीच काळजी असेल तर आधी घरातला जनगणनेचा रकाना तपासा. किती घरांत मुलाच्या दाखल्यावर अजून 'हिंदू' लिहिलेलं आहे? बौद्ध लिहिलं की सवलती जातील, ही भीती १९९० च्या दुरुस्तीनंतर उरायला नको होती. तरी ती आहे. येत्या जनगणनेत घरोघरी जाऊन हा रकाना नीट भरून घेणं हे कार्यकर्त्याचं काम आहे. ते सोपं नाही. त्यापेक्षा मंचावरून बायकांना "अजून एक होऊ द्या" सांगणं सोपं आहे.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून आणखी एक सांगते. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीवरच्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिलं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि ते टिकवायला स्त्रीवर ताबा ठेवावा लागतो. सतीप्रथा, सक्तीचं वैधव्य, बालविवाह, सगळं त्यातून आलं. ज्या व्यवस्थेनं बाईच्या कुशीवर आपली कुंपणं उभी केली तिच्याशी आपण लढतो, आणि लढता लढता तिच्याच पद्धतीनं आपल्या बायकांची कूस मोजायला लागलो तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय उरतो? हिंदुत्ववादी पुढारी "जास्त मुलं जन्माला घाला" म्हणतात तेव्हा आपण त्यांची टर उडवतो. मग आपल्या मंचावर टाळ्या कशाला?

'नको' ची सक्तीही आपल्याच वाट्याला

पण याची दुसरी बाजू आहे, आणि तीही तितकीच कडवी आहे. आपल्या बायकांना 'हो' ची सक्ती घरातून होते, 'नको' ची सक्ती दवाखान्यातून.

मी दाखल होते तेव्हा शेजारच्या खाटेवर एक बाई होती. दुसरं बाळंतपण, दुसरी मुलगी. कळा चालू असताना तिच्यापुढे कागद आला, "सही कर, दोन्ही कामं एकदाच होऊन जातील." तिनं नकार दिला तर ऐकायला मिळालं, "तुमच्यात कुणी ऐकतच नाही." 'तुमच्यात' म्हणजे कुणात, हे आम्हा दोघींनाही न सांगता कळलं. तीन महिन्यांनी ती मला वस्तीत भेटली. पोटात दुखतं म्हणून तपासायला गेली तेव्हा तिला समजलं की बाळंतपणाच्या वेळी तांबी बसवली आहे. तिला कुणी विचारलं नव्हतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्यांनी राज्य हादरलं. पाळीच्या दिवसांत खाडा होतो, खाड्याचा दंड पडतो, म्हणून पिशवीच काढून टाका! गरीब आणि खालच्या मानलेल्या जातींच्या बायकांचं शरीर हे कुणीही निर्णय घ्यावा असं सार्वजनिक आवार समजलं जातं, याचं याहून वेगळं उदाहरण नको.

आणि पुरुष कुठं आहेत? त्याच सर्वेक्षणाप्रमाणे देशात ३७.९ टक्के विवाहित जोडप्यांत बाईची नसबंदी झालेली आहे, पुरुषाची ०.३ टक्क्यात. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आहे, टाक्याची गरज क्वचित लागते, दोन दिवसांत माणूस कामावर जातो. तरी चाकू बाईच्याच पोटावर. स्वतःला आंबेडकरवादी म्हणवणाऱ्या किती पुरुषांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे? हात वर करायला सांगत नाही. मनातल्या मनात उत्तर द्या.

म्हणून माझी भूमिका स्पष्ट आहे. अवघड बाळंतपणातून गेलेल्या बाईनं पुन्हा आई व्हावं, असं चळवळीनं सांगू नये. होऊ नये, असंही सांगू नये. २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की मूल होऊ देण्याचा आणि न होऊ देण्याचा निर्णय हा घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. दोन्ही बाजूंचा निर्णय. बाबासाहेबांनी ज्या घटनेचा मसुदा केला ती घटना हे सांगते. चळवळीचं काम एवढंच की ती जो निर्णय घेईल तो तिला सुरक्षितपणे घेता यावा.

मग ठरवायचं कसं?

कालाम लोकांना तथागतांनी सांगितलं की परंपरेनं आलं म्हणून, कुणी मोठ्यानं सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासून घ्या. दुसऱ्या बाळंतपणालाही हीच कसोटी लावा. मी काय तपासलं ते सांगते, कारण वस्तीत काम करताना लक्षात आलं की ही साधी माहिती आपल्या बायकांपर्यंत पोचतच नाही.

पहिली गोष्ट, जुनी फाइल सांभाळा. डिस्चार्ज कार्ड हरवू देऊ नका. मागच्या वेळी नेमकं काय झालं, किती आठवड्यांत झालं, यावर पुढचा धोका ठरतो. माझी फाइल पाहून डॉक्टर म्हणाल्या, माझ्यासारख्या, चौतीस आठवड्यांच्या आत बाळंत व्हावं लागलेल्या बायकांत साधारण तीनात एकीला हा आजार परत होतो. म्हणजे तीनातल्या दोघींना होत नाही. हा आकडा ऐकून मी रडले. त्याआधीची पाच वर्षं मी शंभर टक्के परत होणारच, असं धरून चालले होते.

दुसरी, अंतर. बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहण्याआधी किमान दोन वर्षं जाऊ द्यावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. सिझर झालेलं असेल तर हे अंतर आणखीच महत्त्वाचं, आणि प्रत्येक सिझरबरोबर पुढच्या वेळी वार चिकटून बसण्याचा धोका वाढतो, हेही विचारून घ्या.

तिसरी, गर्भ राहायच्या आधी डॉक्टरकडे जा, नंतर नाही. बीपी, साखर, रक्त तपासा. देशात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, गरोदर बायकांतही प्रमाण तेच. रक्त भरून काढायला महिने लागतात. आपल्या विदर्भात तर नवरा-बायको दोघांनी सिकलसेलची तपासणी केलीच पाहिजे. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते.

चौथी, माझ्यासारखा त्रास झालेल्या बाईला पुढच्या वेळी बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात, त्यानं धोका कमी होतो. पण ती डॉक्टरांनी सांगितली तरच घ्यायची. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथं "मागच्या वेळी बीपी वाढला होता" हे आपण होऊन सांगा. कुणी विचारायची वाट पाहू नका.

आणि पाचवी, जी कुठल्याच कागदावर नसते. घाबरल्याची लाज वाटू देऊ नका. मला आजही मशीनचा पट्टा दंडाला आवळला की घाम फुटतो. हे दुबळेपण नाही, जे घडलं त्याची शरीराला असलेली आठवण आहे. त्यावरही मदत मिळते, मागा.

चळवळीकडे माझ्या मागण्या

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ प्रत्येक गरोदर बाईला किमान ६००० रुपयांच्या मातृत्व लाभाचा हक्क देतो. प्रत्यक्षात मातृवंदना योजना पहिल्या बाळंतपणाला ५००० देते, आणि दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच ६०००. म्हणजे दुसऱ्यांदा मुलगा झालेल्या शेतमजूर बाईला विश्रांतीची गरज नाही, असं सरकारचं म्हणणं आहे का? मुलींचं स्वागत व्हावं हा हेतू चांगला. पण मजुरी बुडते ती आईची, मग लेकरू कुणीही असो. यावर आपल्या संघटनांचं एक तरी निवेदन गेलं आहे का? तीन लेकरांचा आग्रह धरणाऱ्यांनी या पैशांसाठी एक तरी मोर्चा काढला आहे का?

मोर्चा दूरची गोष्ट. प्रत्येक विहारात एक बीपी मशीन ठेवा. दीड-दोन हजारांत येतं. जयंतीच्या डीजेचा एका तासाचाही खर्च नाही. वस्तीतल्या दोन मुलींना ते वापरायला शिकवा. डोकेदुखी, सुजलेला चेहरा, डोळ्यांपुढे अंधारी या लक्षणांचा तक्ता वंदनेच्या हॉलमध्ये लावा. रात्री गाडी देणाऱ्या पाच तरुणांचे नंबर त्याखाली लिहा. दवाखान्यात सही करण्याआधी कागद वाचून दाखवेल अशी एक कार्यकर्ती प्रत्येक वस्तीत असू द्या. आणि पुरुषांसाठी नसबंदीची माहिती देणारी एक बैठक घ्या, तिला पुरुषांनीच बोलावं.

राहिला माझा निर्णय. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं तपासण्या करून घेणार आहोत. बीपी, किडनी, सिकलसेल सगळं. अहवाल आल्यावर मी ठरवेन. कदाचित 'हो' म्हणेन, कदाचित पोरीला सांगेन की बाळा, आपण तिघंच. जोडीदारानं सांगितलं आहे की 'नाही' ठरलं तर शस्त्रक्रिया तो करून घेईल. दोन्हींपैकी काहीही झालं तरी मला चळवळीकडून शाबासकी नको आणि उपदेशही नको.

काका, तुमच्याबद्दल आदर आहे आणि राहील. पुढच्या पौर्णिमेला तुम्ही मंचावर बोलाल तेव्हा एवढंच करा. लेकरं किती, हे सांगू नका. मशीनसाठी पहिले शंभर रुपये टाका. माझे शंभर मी आजच बाजूला काढले आहेत.

जय भीम! जय संविधान!